कानामागचं चाक

अनारकानने बापाच्या कानामागचं जुनं मशीन काढून जमिनीवर जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावर, पावाच्या शेजारी ठेवलं आणि ते तिथे पडल्यापडल्याच शिटी मारू लागलं.

बारीक, चढी, न थांबणारी शिटी. घरातल्या चौघी जणी त्याच्याकडे बघत बसल्या. ज्याचं मशीन होतं तो जेकशेन म्हातारा तेवढा निवांत होता, कारण मशीन कानाबाहेर आलं की त्याच्यापुरतं जग मुकं होत असे. डोलोन घाटातला बर्फ सारणाऱ्या ट्रॅक्टरवर त्याने तीस हिवाळे काढले होते. रस्ता मोकळा राहिला, कान बुजले. त्याबद्दल सरकारने एक पितळी बिल्ला दिला होता, तो हल्ली नातीच्या बाहुलीच्या छातीवर असे.

"बंद कर गं ते," एने म्हणाली. ती म्हाताऱ्याची बायको; लेकीपासून नातीपर्यंत सगळं घर तिला एनेच म्हणे. "घरात शिटी वाजली की बरकत खिडकीतून उडून जाते. अकरा वर्षं उडतेय. आता उरलीय काय, तेच बघायचं."

सात वर्षांच्या ऐझादाने ओठांचा चंबू करून शिटीची हुबेहूब नक्कल केली. एनेने तिच्या मांडीवर चापट ठेवून दिली.

"आत्ता काय सांगितलं मी?"

"मग मशीनला मार ना," ऐझादा मांडी चोळत म्हणाली.

अनारकानने नखाने मशीनचं चाक उलटं फिरवलं. शिटी खाली उतरली, बारीक झाली, विझली. दाराजवळ, चहाचं पाणी उकळणाऱ्या सामोवाराच्या कडेला बसलेल्या बेगिमायने मान खाली घातली आणि चहाचा वाडगा उगाचच पुन्हा पुसला. ती या घरची सून. त्या शिटीशी तिचं काय नातं होतं, ते घरात कुणाला ठाऊक नव्हतं. एका म्हाताऱ्याला सोडून.

नऊ वर्षांपूर्वी पांढरा रुमाल डोक्याला बांधून ती या उंबऱ्यातून आत आली, तेव्हा तिला तीन गोष्टी सांगण्यात आल्या होत्या. सासऱ्याकडे पाठ करायची नाही. सासरच्या थोरांची नावं तोंडाने घ्यायची नाहीत. आणि सासऱ्यासमोर आवाज चढवायचा नाही. असल्या रीती कुणी घातल्या असं विचारायला गेलं की म्हातारी माणसं आभाळाकडे बोट दाखवतात. आभाळाला दुसरे धंदे आहेत. ज्याला घरात बाईचा आवाज नको होता अशा कुणीतरी बाप्यानेच त्या घातल्या, आणि ज्यांचा आवाज गेला त्या बायांनीच पुढच्या पोरींना त्या शिकवल्या. बेगिमाय नारिनच्या नर्सिंग शाळेतली सगळ्यात खणखणीत मुलगी होती. वसतिगृहात चार मजल्यांवरून हाक मारायची झाली की तिला पुढे करत. इथे येऊन तिचा आवाज पिठाच्या डब्यातल्या उंदराएवढा झाला.

आणि सासरा बहिरा. पहिल्या आठवड्यात चहा देताना तिने विचारलं, साखर घालू का. त्याला ऐकू गेलं नाही. मोठ्याने बोल असं तो म्हणेना, कारण तसं म्हणणं म्हणजे सुनेला रीत मोडायला लावणं. तिने आवाज चढवावा तर तो चढवायचा नाही. दोघं एकमेकांसमोर मान खाली घालून बसले, वाडगा गार होत गेला. मग म्हाताऱ्याचा अंगठा हळूच कानामागे गेला. त्याने चाक वर सरकवलं. आणखी वर. मशीन कळवळून ओरडलं, म्हाताऱ्याने दात आवळले, मग केसभर मागे घेतलं, शिटी थांबली, आणि तो खाली अंथरलेल्या लोकरी नमद्यावरच्या नक्षीकडे बघत म्हणाला, "बोल, पोरी."

तेव्हापासून असंच. ती पुढ्यात आली की अंगठा कानामागे, शिटी, मग "बोल, पोरी". शिटीच्या चढण्यावरून तिला कळायचं, तो किती ऐकायला तयार आहे. डोकं दुखत असलं की शिटी अर्ध्यावरच अडायची. मग ती थोडक्यात आटपायची. ऐझादाला ताप होता त्या वेळी त्याने चाक टोकापर्यंत नेलं होतं आणि शिटी सुटत असतानाच तसाच बसून राहिला होता, तिचा एक शब्द जायला नको म्हणून. इतरांसाठी तो एवढा त्रास घेत नसे. एने बोलायला लागली की चाक उलट्या बाजूला फिरे. एनेला ते ठाऊक होतं. चव्वेचाळीस वर्षांचा आपला संसार त्या चाकावर टिकलाय, असं ती स्वतःच लोकांना सांगायची.

"आता इकडे बघा," अनारकान म्हणाली. ती घरची थोरली लेक, बिश्केकला कानाच्या दवाखान्यात कामाला होती, आणि दवाखान्यातल्या माणसासारखंच बोलायची, म्हणजे ऐकणारा अडाणी आहे असं धरून. तिने पेटीतून दुसरं मशीन काढलं. जर्दाळूच्या बीएवढं, करडं, गुळगुळीत. ते बापाच्या कानामागे बसवलं, बारीक नळी कानात सारली आणि सगळ्यांना समजावून सांगायला लागली.

जुनं मशीन म्हणजे आपला शेताचा पाट. वरून जे येईल ते खाली. पाणी, गाळ, शेण, पाचोळा, सगळं वाहतं, जास्त आलं तर जास्त, कमी आलं तर कमी. त्याला ॲनालॉग म्हणतात. हे डिजिटल. हे आवाजाला वाहूच देत नाही. एका सेकंदाचे हजारो तुकडे करतं, प्रत्येक तुकडा मोजतं, त्याला आकडा देतं. मग आकडे चाळत बसतं. हे माणसाचं बोलणं, ठेवा. ही भांड्यांची आदळआपट, कमी करा. ही नुसती कुजबुज, खुडबुड, फेकून द्या. उरलेल्या आकड्यांचा पुन्हा आवाज करून कानात सोडतं.

"आणि शिटी?" एनेने विचारलं.

"उठायच्या आधीच दाबून टाकतं."

"देव त्याचं भलं करो."

म्हातारा कानामागे अंगठा फिरवत होता. वर, खाली, पुन्हा वर.

"चाक कुठंय?"

"चाक नाहीये, बाबा. गरजच नाही. काय ऐकायचं ते हेच ठरवतं."

"हेच ठरवतं," म्हातारा म्हणाला. "म्हणजे तुझ्या आईसारखं."

एने हसली. हसता हसता तिच्या लक्षात आलं की आपण हळू हसलो होतो आणि तरी नवऱ्याने तिच्याकडे वळून बघितलं. ती जराशी सावरून बसली.

मशीन चांगलं होतं, यात शंका नाही. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर एकेक आवाज उजाडत गेला. ऐझादाने शाळेतली कविता म्हटली, तेव्हा त्याने तिला जवळ ओढून तिचं तोंड उघडायला लावलं. हिचे पुढचे दोन दात पडलेत, शब्दांतून वारा जातोय, हे मला कुणी सांगितलं का नाही, म्हणाला. शेजारच्या घरातला भांडणाचा आवाज ऐकून, ते अजून त्याच गोष्टीवरून भांडतात का, अशी चौकशी केली. सगळे हसले. बेगिमायही हसली, रुमालाच्या टोकाआड, नेहमीसारखी बिनआवाजाची.

निघताना अनारकानने जुनं मशीन रुमालात गुंडाळलं. दवाखान्यात कित्येक जण असे होते ज्यांना हेही परवडत नव्हतं. त्यांतल्या कुणाला तरी देईन, म्हणाली. म्हाताऱ्याने रुमाल सोडून मशीन एकदा तळहातावर घेतलं, अंगठ्याने चाक टोकापर्यंत नेलं, परत आणलं आणि देऊन टाकलं. दुपारच्या गाडीने अनारकान गेली. जाताना भावजयीच्या कानाशी लागून म्हणाली, "आता तुझा जीव सुटला. एकदाच बोललीस की ऐकू जाईल."

बेगिमाय त्याचीच वाट बघत होती. महिनाभर.

तिच्या शिवणाच्या मशीनच्या खणात एक पत्र होतं. नारिनच्या वैद्यकीय शाळेचं. दहा महिन्यांचा अभ्यासक्रम, त्यानंतर तिला गावच्या आरोग्यकेंद्रात फेल्डशर म्हणून बसता येणार होतं, म्हणजे जिथे डॉक्टर येत नाही तिथला डॉक्टर. केंद्राला दोन वर्षं कुलूप होतं. गेल्या जानेवारीत खालच्या आळीतली एक सून घाटात कोळशाच्या ट्रकमध्ये बाळंत झाली. बेगिमायने आपला डोक्याचा रुमाल फाडून नाळ बांधली होती. पोरगं वाचलं, आता रांगतं. गावाने चार दिवस तिचं कौतुक केलं आणि पाचव्या दिवशी ती पुन्हा शेण काढायला लागली. जागा तिच्यासाठी शुक्रवारपर्यंत राखून ठेवली होती. पुढे ती दुसऱ्या कुणाला जाणार होती.

मॉस्कोत भिंती रंगवणाऱ्या नवऱ्याला, मेदेरला, तिने फोनवर विचारलं. तो वाईट माणूस नव्हता. नुसता लांबचा होता. "मला काय विचारतेस, बाबांना विचार," तो म्हणाला. "त्यांनी दुवा दिली तर माझं काय जातंय?" एनेला विचारलं, तर तिने कणकेतला हातही बाहेर काढला नाही. "मी हो म्हटलं की ते नाही म्हणणार, ही त्यांची जुनी सवय. तू विचार. तुला ते नाही म्हणत नाहीत." आणि कणीक आपटत, "पोरीला मी बघेन. ती माझ्यावर गेलीय, तिला बघणारं दुसरं कुणी जमायचं नाही."

तेव्हा सगळं म्हाताऱ्यावर येऊन ठेपलं. त्याने दोन्ही तळवे उताणे धरून दुवा म्हटल्याशिवाय आणि ते तळवे तोंडावरून फिरवल्याशिवाय या घरातून गायसुद्धा बाजाराला निघत नसे. बेगिमायने वाक्य तयार केलं होतं. गोठ्यात, विहिरीवर, पाव भाजताना ते घोकलं होतं. नवं मशीन येतंय म्हणून ती थांबली होती. असली गोष्ट शिटीच्या अडथळ्यातून दोनदा-तीनदा सांगायला लागू नये, एकदाच, नीट, पूर्ण जावी.

बुधवारी सकाळी तो हात धुवायला ओट्यावर आला. ती तांब्याची झारी घेऊन उभी राहिली, दंडावर टॉवेल. त्याने हात पुढे केले. तिने पाण्याची धार सोडली. त्याचा उजवा अंगठा सवयीने कानाकडे निघाला, अर्ध्या वाटेत थबकला आणि परत पाण्याखाली आला.

शिटी झाली नाही. "बोल, पोरी"ही झालं नाही. पण आता ते लागतच नाही, असं तिला नणंदेने कालच सांगितलं होतं.

"बाबा," ती म्हणाली, "दहा महिन्यांसाठी नारिनला शिकायला जाऊ का? ऐझादाला एने बघतील. शुक्रवारपर्यंत कळवायचंय."

म्हाताऱ्याने बोटं झटकली. टॉवेल घेतला, एकेक बोट पुसलं, डोंगराकडे बघितलं.

"आज बर्फ पडणार," तो म्हणाला आणि आत गेला.

ती झारी धरून उभीच राहिली. पाणी तिच्या जोड्यावर सांडत होतं. आमच्याकडची थोर माणसं नाही हा शब्द वापरत नाहीत. सोयरीक मोडायची असो, घोडा उसना द्यायचा नसो, की सुनेला उंबऱ्याच्या आत ठेवायचं असो, ती हवेबद्दल बोलतात. आज बर्फ पडणार. यंदा गवत कमी. ज्याला कळायचं त्याला कळतं, आणि पुन्हा विचारायची सोय राहत नाही. पुन्हा विचारणं म्हणजे थोराला तोंडाने नाही म्हणायला भाग पाडणं, आणि त्याहून मोठा उर्मटपणा नाही.

त्या बीएवढ्या यंत्राने मात्र आपलं काम चोख केलं होतं. पाण्याची धार, झारीची खळखळ, आणि त्याखाली एक दबकी कुजबुज. त्याने आकडे मोजले, चाळले, कुजबुज फेकून दिली. ज्यांनी हा शोध लावला त्यांच्या घरात दबक्या आवाजात कुणी बोलत नसावं.

पण हे बेगिमायला माहीत नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं की नऊ वर्षांत प्रथमच त्याला तिचं सगळं स्वच्छ ऐकू गेलं, आणि तो हवेबद्दल बोलला.

दुपारच्या चहाला ती सामोवाराजवळ बसली. आमच्याकडे वाडग्यात चहा तळाला घालतात, जेमतेम चार घोट. संपला की पुन्हा घालायचा, पुन्हा घालायचा. पाहुण्याला, थोराला आपण हवे आहोत हे त्यातूनच कळतं. काठोकाठ भरलेला वाडगा म्हणजे प्या आणि उठा. बेगिमायने एनेला तळाला चहा दिला. ऐझादाला दिला. मग म्हाताऱ्याचा वाडगा घेतला, दूध घातलं, चहा घातला, आणि हात थांबवला नाही. चहा काठाला आला, काठावर फुगला, थरथरत राहिला.

तिने तो दोन्ही हातांनी, मान लववून, रीतीप्रमाणे पुढे ठेवला.

ऐझादा काहीतरी बोलणार होती. एनेने तिच्या दंडाला चिमटा काढला आणि सुनेकडे बघितलं. बेगिमाय सामोवाराच्या तोटीकडे बघत होती.

म्हातारा वाडग्याकडे बघत बसला. मग त्याने तो उचलला, थेंबही न सांडता ओठाला लावला आणि सगळा संपवला, मध्ये न थांबता, औषध प्यावं तसा. रिकामा वाडगा उलटा करून ठेवला. तळलेल्या बोरसोकला हात लावला नाही. काठी शोधली, अंगरखा चढवला आणि बाहेर जाऊन बाकावर बसला. तोपर्यंत बर्फ खरोखरच पडायला लागला होता.

"काय झालं गं?" एनेने विचारलं.

"काही नाही, एने."

"काही नाही असलं की वाडग्यात चार घोट असतात."

बेगिमायने दस्तरखान आवरला, चुरा झटकला, बादली उचलली आणि मागच्या दाराने गोठ्यात गेली. दार लावून घेतलं. काळी गाय तिच्याकडे वळून बघत रवंथ करत होती. बेगिमाय तिच्या पोटाला कपाळ टेकवून बसली आणि धारा काढायला लागली. पहिल्या चार धारा बादलीच्या बुडावर वाजल्या, आणि त्या आवाजाबरोबर तिच्या आतलं काहीतरी सुटलं.

"मी काय मागितलं गं, काळे?" ती म्हणाली, आणि स्वतःचाच आवाज ऐकून दचकली. खणखणीत होता. चार मजल्यांचा. तिने तो खाली घेतला नाही. "सोनं मागितलं? दहा महिने मागितले. नऊ वर्षं मी या घरात पाठ दाखवली नाही. दारातून उलट्या पावलांनी बाहेर पडते मी, पोटुशी होते तेव्हाही पडत होते. एकदा पडलेसुद्धा. त्यांचं नाव माझ्या तोंडात नाही. शाळेच्या कागदावर पोरीच्या आजोबांचं नाव लिहायचं झालं तरी माझा हात अडतो. आणि मी विचारलं. कधी नव्हे ते विचारलं. नारिनला शिकायला जाऊ का, म्हटलं. शुक्रवारपर्यंत कळवायचंय, म्हटलं. तर बर्फ पडणार म्हणे. पडू दे. त्या ट्रकमध्ये त्या पोरीच्या नाळेला मी फडकं बांधत होते तेव्हाही पडतच होता."

काळीने शेपटी हलवली.

"नाही म्हणायचं होतं तर म्हणा ना," बेगिमाय म्हणाली. "तोंडाने म्हणा. मी काही मेले नसते. पण नऊ वर्षं माझ्यासाठी त्या चाकाशी झटत होतात तुम्ही. कान फुटेपर्यंत झटत होतात. मला वाटलं होतं..."

काय वाटलं होतं ते तिने गाईलाही सांगितलं नाही. बाकीचं दूध तिने गुपचूप काढलं. डोळे बाहीला पुसले. आवाज परत जिथे ठेवायचा तिथे ठेवला, बादली उचलली आणि दार उघडलं.

दाराबाहेर भिंतीला म्हाताऱ्याची काठी टेकवलेली होती.

अंगणभर बर्फ कोरा होता. बाकापासून गोठ्यापर्यंत एका माणसाच्या पावलांची रांग, आणि दाराशी, काठीजवळ, हातभर जागा तुडवून तुडवून काळी झाली होती, जसं कुणीतरी बराच वेळ एका पायावरून दुसऱ्या पायावर होत उभं राहिलं असावं. तिथून पावलं घराकडे गेली होती. काठीशिवाय.

बेगिमायने एका हातात बादली घेतली, दुसऱ्या हातात काठी. गाव असल्या गोष्टी विसरत नाही. जेकशेनची सून सासऱ्याला गोठ्यातून शिव्या घालते. यापुढे नारिन काय, विहिरीवर जायचीसुद्धा पंचाईत.

आत दिवेलागणीचा चहा मांडला होता. एनेने स्वतःच सामोवार पेटवला होता, हे कधी होत नसे. म्हातारा आपल्या जागी, दाराच्या समोर, भिंतीला टेकून बसला होता. टोपीवरचा बर्फ वितळून त्याच्या कपाळावर ओघळत होता आणि तो पुसत नव्हता. बेगिमायने काठी त्याच्या हाताशी ठेवली. तो काठीकडे बघून म्हणाला, "हं." तेवढंच. ती मागे सरकत सामोवारापाशी आली, बसली, आणि त्याच्या वाडग्यात चहा घातला. चार घोट. दोन्ही हातांनी पुढे ठेवला.

म्हाताऱ्याने वाडगा घेतला नाही. त्याचा अंगठा कानामागे गेला. गुळगुळीत प्लास्टिकवरून वर सरकला, खाली आला, पुन्हा वर गेला. तिथे काही नव्हतं. त्याने हात खाली घेतला आणि वाडग्याशी बोलायला लागला.

"सकाळी तुझे ओठ हलले," तो म्हणाला. "मला वाटलं, पाणी घालताना दुवा म्हणतेस."

सामोवार गुणगुणत होता. तो बहुधा त्याला ऐकू येत नव्हता.

"मशीन चांगलं आहे. अनारकानने हौसेने आणलंय. पण तुझा आवाज त्याला कचऱ्यातला वाटतो." तो थांबला. "सकाळी वाटत होता. मघाशी नाही वाटला."

बेगिमायच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तिने रुमाल पुढे ओढला.

म्हाताऱ्याने पाठ ताठ केली. ओठांचा चंबू केला. नुसतीच हवा निघाली. पुढचे तीन दात नव्हते. त्याने ओठ ओले केले, जीभ कुठेतरी अडवली आणि पुन्हा फुंकलं.

शिटी वाजली. बारीक, कापरी, मग हळूहळू स्थिर.

एनेचा पाव मोडणारा हात थांबला. या माणसाने चव्वेचाळीस वर्षांत घरात शिटी वाजवली नव्हती, लग्नाच्या आठवड्यातसुद्धा नाही.

"अहो," ती म्हणाली. "घरात?"

त्याने तिच्याकडे न बघता एक बोट वर केलं आणि वाजवत राहिला. बेगिमायने मान वर केली. ती शिटी ती ओळखत होती. चाक अर्ध्यावर आलं की येते ती.

"बाबा," ती पुटपुटली, "नारिनला..."

शिटी एक पायरी वर चढली. बेगिमाय थांबली. मग पुन्हा म्हणाली, जरा मोठ्याने, "बाबा, नारिनला दहा महिने..."

आणखी एक पायरी. म्हाताऱ्याचा चेहरा लाल झाला होता, मानेच्या शिरा फुगल्या होत्या, डोळ्यांत पाणी आलं होतं. शिटी तुटली. त्याने घाईने श्वास घेतला, पुन्हा ओठ जुळवले, पण नुसती हवाच निघाली. पुन्हा हवाच. तो खोकला.

ऐझादा आजीच्या तोंडाकडे बघत होती. तिचे स्वतःचे ओठ आपोआप गोल झाले होते आणि मांडी चापटीची वाट बघत होती.

एनेने पावाचा तुकडा दस्तरखानावर ठेवला. हात झटकले.

"बघत काय बसलीस?" ती नातीला म्हणाली. "तुझ्या आजोबांना दम लागलाय. वाजव."

पडलेल्या दोन दातांच्या फटीतून शिटी निघाली आणि सरळ आढ्याला जाऊन भिडली. बेगिमायने किटली खाली ठेवली. समोर म्हातारा छाती भात्यासारखी हलवत बसला होता, नजर नमद्यावर, आणि त्याचे दोन्ही तळवे मांडीवर उताणे पडले होते. मग तिने रुमालाचं टोक तोंडावरून बाजूला केलं आणि गोठ्यातल्या काळीलाही ऐकू जाईल अशा आवाजात पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.